लिहिणाऱ्यांचे प्रश्न: ‘अत्याधुनिक’ ब्लॉग, तिमाही नफा आणि फुकटचे फोन

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि बहुतेक पुण्याच्याच आसपासची. सगळे बिझनेस नाहीतर टेक्नॉलॉजीवर लिहिणारे, कुणी कंपनीत पगारावर, कुणी फ्रीलान्स, कुणी स्वतःचा ब्लॉग चालवणारे. काही पत्रं कापलीयेत, राग मानू नका. नावं मुद्दाम घातली नाहीत कारण दोघातिघांनी स्वतःच्या बॉसबद्दल लिहिलंय आणि हा अंक त्यांच्या ऑफिसातही जातो.

प्रश्न: ताई, आमच्या कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, छोट्या कारखान्यांसाठी. मी त्याचा मराठी ब्लॉग लिहिते. साधं लिहिलं की मॅनेजर म्हणतात प्रोफेशनल वाटत नाही, त्यांना हवं तसं लिहिलं की कुणी वाचत नाही. नमुना पाठवतेय, सुधारून द्याल का? ‘आमच्या कंपनीद्वारे लघु व मध्यम उद्योगांकरिता अत्याधुनिक क्लाउड आधारित बिलिंग प्रणाली उपलब्ध करून देण्यात आली असून त्याद्वारे व्यवसायाची कार्यक्षमता लक्षणीयरीत्या वृद्धिंगत होण्यास मदत होते.’
(कंटेंट रायटर, खराडी)

उत्तर: नाही देणार, कारण देताच येणार नाही. भाषा जड आहे हे खरं, पण समजा मी ती सगळी सोपी केली तरी खाली काय उरतं? ‘आमचं सॉफ्टवेअर घ्या, धंदा वाढेल.’ बस. कोण वापरतं, कशासाठी, आधी तो माणूस काय करायचा, आता काय करतो, महिन्याला किती पैसे, यातलं एकही वाक्यात नाही, आणि नाही म्हणूनच ते ‘उपलब्ध करून देण्यात आली असून’ वगैरे घालून लांबवलंय. बिझनेस रायटिंगमध्ये जडपणा बहुतेक वेळा असाच येतो, सांगायला काही नसतं आणि शब्द तर तीनशे भरायचे असतात.

म्हणून आधी डेस्कवरून उठा आणि सपोर्ट टीमकडे जाऊन बसा. मार्केटिंगकडे नाही, सपोर्टकडे. दिवसभर फोन घेणारी जी मुलं असतात ना त्यांना तुमचा वाचक पाठ असतो. ते सांगतील की भोसरीहून माल निघालाय, टेम्पो गेटवर उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि ई-वे बिल (गाडीतून माल न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) निघत नाहीये कारण एचएसएन कोड (कुठला माल आहे ते सांगणारा नंबर) चुकलाय. किंवा जॉबवर्कची चलनं. प्लेटिंगला नाहीतर हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीमध्ये तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि टॅक्स लागतो, व्याजासकट. आता ज्याच्या कारखान्यात चलनाच्या पावत्या अजून खिळ्याला टोचून ठेवतात त्याला कुठला माल अकरा महिने झाले तरी बाहेर आहे हे कळणार कसं? हा झाला तुमचा ब्लॉग. ‘बाहेर पाठवलेला माल वर्ष उलटायच्या आत कसा शोधायचा’ एवढंच हेडिंग द्या, मग आधी हाताने कसं करायचं ते सांगा, म्हणजे वहीतसुद्धा करता येईल असं, आणि शेवटी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याची यादी आपोआप निघते, ही अशी दिसते, महिन्याला इतके रुपये. सॉफ्टवेअर न घेणाऱ्यालाही उपयोग झाला पाहिजे, मग तो पुढच्या वेळेला परत येतो.

मॅनेजरांचं म्हणाल तर वाद घालू नका, वादात ते जिंकणारच. एक महिना दोन्ही प्रकारचे लेख टाका, खाली फोन नंबर वेगवेगळा द्या आणि कुठल्या लेखावरून फोन येतात ते बघा. आणि हो, ‘करण्यात आले आहे’ असं जिथे जिथे येतं तिथे कोणी केलं ते लिहायची सवय लावून घ्या, अर्धा लेख आपोआप सरळ होतो. कुणी केलं ते सापडलंच नाही तर वाक्य काढून टाका.

प्रश्न: मी पुण्यातल्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर लिहितो. तिमाही रिझल्ट आले की प्रेस रिलीजवरून लगेच पोस्ट टाकतो. मागच्या वेळी एका वाचकाने मेल केला की तुमचे आकडे बरोबर आहेत पण बातमी चुकीची आहे. म्हणजे काय?
(ब्लॉगर, कोथरूड)

उत्तर: वाचक हुशार आहे, त्याला धरून ठेवा.

प्रेस रिलीज कंपनी लिहिते. त्यातला आकडा सहसा खोटा नसतो, पण कुठला आकडा वर घ्यायचा हे कंपनी ठरवते. नफा वाढला असेल तर हेडिंगला नफा, नफा पडला असेल तर हेडिंगला विक्री, दोन्ही पडलं असेल तर ऑर्डर बुक, आणि काहीच नसेल तर ‘दीर्घकालीन धोरणात्मक वाटचाल’. त्यामुळे रिलीज बाजूला ठेवा आणि बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर जाऊन रिझल्टची मूळ पीडीएफ उघडा, फुकट असते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा नियम आहे, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत रिझल्ट द्यावाच लागतो, वर्षअखेरच्या ऑडिटेड रिझल्टला ६० दिवस मिळतात. म्हणजे एप्रिल ते जूनचा रिझल्ट १४ ऑगस्टपर्यंत येणारच, घाई तुम्हालाच आहे.

त्या पीडीएफमध्ये दोन टेबलं असतात, स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड. पहिलं नुसत्या त्या कंपनीचं, दुसरं तिच्या पोटकंपन्या धरून. ज्या कंपनीच्या परदेशात पोटकंपन्या आहेत तिथे दोन्हीत केवढा तरी फरक असू शकतो, आणि काही ब्लॉगवाले नफा एका टेबलातून आणि विक्री दुसऱ्यातून उचलतात, मग मार्जिन (विक्रीच्या किती टक्के नफा ते) भलतंच निघतं. शेजारी शेजारी कॉलम असतात, ही तिमाही, मागची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही. पंप, ट्रॅक्टर, टू-व्हीलर, एसी असले सीझनचे धंदे असतील तर गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशीच तुलना करा, नाहीतर दिवाळीनंतर विक्री पडली म्हणून तुम्ही संकटाची बातमी कराल.

आता टेबलाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा. त्या वाचायचा कंटाळा येतो, मला माहितीये, पण बातमी तिथेच असते. समजा पिंपरीतल्या एका जुन्या कंपनीने कारखान्याची जागा विकली. तिमाहीचा नफा २ कोटींवरून ८ कोटींवर गेला. रिलीजमध्ये येणार ‘नफ्यात ३०० टक्के वाढ’. टेबलात ‘एक्सेप्शनल आयटम’, म्हणजे नेहमीच्या धंद्याबाहेरची रक्कम, म्हणून एक ओळ असेल, खाली टीप असेल की यात जमीनविक्रीचे साडेसहा कोटी आहेत. ते काढले तर उरले दीड कोटी, म्हणजे धंद्यातला नफा उलट घटला (टॅक्सचा हिशेब आत्ता सोडून देऊ). आकडा बरोबर, बातमी चुकीची, ती अशी. आणि जाता जाता, २ चे ८ झाले म्हणजे चौपट झाले, वाढ ३०० टक्के. ‘तिप्पट’ नाही. ही चूक मोठमोठ्या पेपरांत दिसते.

टक्क्यांचं अजून एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ६.५० वरून ६.२५ केला. बऱ्याच ठिकाणी ‘पाव टक्क्याने कपात’ असं लिहिलं, ते बोलण्यात चालतं, लोकांना कळतं. पण ‘०.२५ टक्के कमी झाला’ असं काटेकोर लेखात लिहिलंत तर वाचकाला गणिताने वेगळा अर्थ काढता येतो, कारण ६.५० चे ०.२५ टक्के म्हणजे फारच किरकोळ. तिथे टक्केबिंदू (दोन टक्क्यांमधली सरळ वजाबाकी) लिहा नाहीतर सरळ दोन्ही आकडे द्या, ‘६.५० वरून ६.२५’. मला विचाराल तर दोन्ही आकडे देणं कधीही बरं, वाचक स्वतः बघतो.

मिलियन-बिलियनचं भाषांतर घाईत करू नका. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आणि डॉलरचे रुपये केले तर कुठल्या दिवसाच्या भावाने ते सांगा.

स्टार्टअपवर लिहिता का ते पत्रात नाही, पण लिहिणारच आज ना उद्या, पुण्यात राहून कोण सुटलंय. तिथे व्हॅल्युएशन (अख्ख्या कंपनीची धरलेली किंमत) आणि फंडिंग (खरोखर आलेले पैसे) यांची गल्लत होते. एखाद्या गुंतवणूकदाराने १ कोटी डॉलर घालून १ टक्का हिस्सा घेतला तर कंपनीचं व्हॅल्युएशन १०० कोटी डॉलर निघतं. कंपनीच्या खात्यात आले १ कोटीच. ‘पुण्याच्या कंपनीला १०० कोटी डॉलर’ असं हेडिंग केलंत तर ९९ कोटी तुम्ही मनाने घातलेत. तसंच सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक नव्हे, इच्छा आहे फक्त. अमुक हजार कोटींचा करार झाला असं लिहिताना पुढच्याच वाक्यात विचारा की जागा मिळाली का, एमआयडीसीचं वाटपपत्र आहे का, काम सुरू कधी. उत्तर मिळालं नाही तर ‘कंपनीने सांगितलं नाही’ असं छापा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ती पण माहितीच आहे. लिस्टेड नसलेल्या कंपनीचे हिशेबसुद्धा मिळतात बरं का, कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर एका कंपनीची कागदपत्रं बघायला १०० रुपये फी आहे. एका थाळीच्या पैशात कंपनी तोट्यात आहे का कळतं आणि तरी लोक फाउंडरच्या इंटरव्ह्यूवर विसंबून लिहितात.

वेळ असेल तर रिझल्टनंतरच्या कॉन्फरन्स कॉलचा ट्रान्सक्रिप्ट वाचा, तोही एक्स्चेंजवर येतो. मॅनेजमेंटचं सुरुवातीचं भाषण सोडा, थेट ॲनालिस्टच्या प्रश्नांवर या. एकच प्रश्न तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आणि तिन्ही वेळेला उत्तर गोल आलं, तर तुमची बातमी तीच.

आणि एक, शेवटी ‘हा शेअर घ्यावा असं वाटतं’ असली ओळ टाकू नका. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. तुम्ही लिहिणारे आहात, काय झालं ते सांगा, घ्यायचं का ते वाचक ठरवेल.

प्रश्न: मी मोबाइल आणि ई-स्कूटरचे रिव्ह्यू लिहितो. कंपन्या वस्तू पाठवतात, काही परत घेतात, काही ‘ठेवा’ म्हणतात. पैसे घेत नाही, फक्त वस्तू. तर सांगायलाच हवं का? आणि रिव्ह्यू सगळे एकसारखे होतात, काय करू?
(रिव्ह्यूअर, पिंपळे सौदागर)

उत्तर: सांगायलाच हवं. जाहिरातवाल्यांची जी एएससीआय संस्था आहे तिने इन्फ्लुएन्सरसाठी २०२१ मध्ये नियम काढले, त्यात नुसते पैसेच नाही तर फुकटची वस्तू, ट्रिप, डिस्काउंट सगळं ‘मटेरियल कनेक्शन’ मध्ये येतं. नंतर सरकारनेही तेच सांगितलं, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलंत तर पन्नास लाखांपर्यंत. ते राहू द्या, वाचकालाच सांगायला हवं ना? पहिल्या परिच्छेदात एक ओळ, ‘हा फोन कंपनीने दिलाय, माझ्याकडेच राहणार आहे’. तळाला हॅशटॅगच्या गर्दीत नको.

टॅक्सचंही बघा. १ जुलै २०२२ पासून नियम आहे, धंद्याच्या संबंधातून वर्षात २० हजारांच्या वर वस्तू किंवा सवलत मिळाली तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा. वस्तू परत केलीत तर नाही, ठेवलीत तर ती तुमची कमाई. तुमच्या सीएला विचारा, हे ‘फुकट’ बऱ्यापैकी महाग पडतं.

आता एकसारखेपणा. सगळे एकाच स्पेक-शीटवरून लिहितात, मग दुसरं काय होणार. तुम्ही निदान स्पेक-शीटचा अर्थ सांगा. ‘आयपी ६८ आहे, पावसात बिनधास्त वापरा’ असं सर्रास लिहितात. त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते प्रत्येक कंपनी आपापलं सांगते. टेस्ट होते गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या फोनवर. आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी पाण्याचं नुकसान धरतच नाही. ते वॉरंटीचं कार्ड उघडून तेवढं कलम वाचून दाखवलंत तरी तुमचा रिव्ह्यू इतरांपेक्षा वेगळा होईल.

स्कूटरमध्ये तर किलोवॉट आणि किलोवॉट-अवर यांचा काला झालेला असतो. किलोवॉट ही मोटरची ताकद, किलोवॉट-अवर ही बॅटरीत किती वीज मावते ते. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-अवर, हे एवढं सांगितलं की वाचकाला लगेच लागतं. ३ किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिट, चार्ज करताना थोडी वाया जाते म्हणून साडेतीनच्या आसपास धरा, आणि गुणिले तुमच्या घरचा दर. ७५० वॉटचा चार्जर असेल तर चार तासांच्या वर लागणार हे कंपनीने न सांगताही कळतं. अशी गणितं करून दाखवा की.

आणि रेंज. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची सर्टिफाइड रेंज (एका चार्जवर किती किलोमीटर) असते ती ठरलेल्या ड्रायव्हिंग सायकलवर, रोलरवर मोजलेली. ती खोटी नाही, सगळ्या गाड्या एका मापाने मोजायला तेच बरं. पण ज्या टेकडीला आपण एआरएआय टेकडी म्हणतो तिचा चढ त्या रोलरवर नसतो. तुम्ही पुण्यात राहता हाच तुमचा फायदा आहे, डबल सीट चांदणी चौक चढा, कात्रजचा घाट करा, सिग्नलला सिग्नल लागलेल्या वेळेला स्वारगेटहून हडपसरला जा, आणि वजन, मोड, हवा, सुरुवातीला आणि शेवटी बॅटरी किती टक्के ते सगळं लिहा. किलोमीटरला किती वॉट-अवर लागले ते काढा. पुढच्या स्कूटरला तोच रस्ता, तोच मागे बसणारा माणूस. असे चारपाच रिव्ह्यू झाले की तुमच्याकडे असं टेबल तयार होईल जे दुसऱ्या कुणाकडेच नाही.

प्रश्न: क्लायंट म्हणतात चॅटजीपीटी हेच फुकट लिहून देतं, रेट निम्मा करा. मी शब्दावर पैसे घेते. काय उत्तर देऊ? मी स्वतः एआय वापरलं तर चालेल का?
(फ्रीलान्सर, हिंजवडी)

उत्तर: क्लायंट अर्धा बरोबर आहे. ‘क्लाउड कम्प्युटिंगचे दहा फायदे’ असला लेख तुम्ही लिहीत असाल तर तो खरंच फुकट मिळतो, आणि मिळू दे, तो वाचायचा तरी कोणाला होता. शब्दाचा रेट लावलात की तुम्ही स्वतःहून सांगताय की मी शब्द विकते. त्यापेक्षा लेखाचा रेट लावा आणि त्यात काय काय आहे ते कोटेशनमध्ये लिहा: ग्राहकाशी अर्ध्या तासाचा फोन, इंजिनिअरशी एक बैठक, आकड्यांची मूळ कागदाशी तपासणी, दोन वेळा दुरुस्ती. हे मशीन करत नाही कारण ते चाकणला जाऊन सुपरवायझरला ‘मग लाइन बंद पडली तेव्हा काय केलंत’ असं विचारू शकत नाही. गूगलनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की लेख कसा तयार केला यापेक्षा उपयोगाचा आहे का ते आम्ही बघतो, आणि त्याच्या आधी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या क्वालिटीच्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द वाढवला. हा तपशील क्लायंटला दाखवा, त्यांना गूगलचं नाव काढलं की पटतं.

वापरायला हरकत नाही. इंटरव्ह्यूचं टायपिंग, दहा हेडिंगं सुचवणं, तुमच्या लेखातला आकडा आणि टेबलातला आकडा जुळतो का बघणं, याला छान आहे. पण वर्षं, रकमा, कायद्याची कलमं, कोण काय म्हणालं, यातलं काहीही त्याच्या भरवशावर छापू नका, ते न अडखळता चुकीचं सांगतं. मराठीत तर वाक्यं मुळात इंग्रजीत विचार केल्यासारखी येतात, मोठ्याने वाचलंत की लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहिती असते. तुम्ही लिस्टेड कंपनीसाठी रिझल्टची प्रेस रिलीज किंवा ॲन्युअल रिपोर्टचा मजकूर लिहीत असाल, तर जाहीर व्हायच्या आधीचे ते आकडे म्हणजे सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांतली गोपनीय माहिती. ती हातात आली की तुम्ही इनसायडर. ते आकडे कुठल्याही फुकटच्या एआय टूलमध्ये पेस्ट करायचे नाहीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी त्या कंपनीचा शेअर तर अजिबात घ्यायचा नाही, जाहीर झाल्यावर ४८ तास जाईपर्यंत. कंपनीने तुमचा पॅन मागितला तर दचकू नका, त्यांना अशा लोकांची नोंद ठेवावी लागते.

प्रश्न: पेमेंट सहा-सहा महिने अडकतं. उपाय?
(टेक्निकल रायटर, वाकड)

उत्तर: सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करा, फुकट आहे, सर्व्हिस देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. काम घ्यायच्या आधी नोंदणी करा, नंतर केलेली मागच्या बिलांना सहसा उपयोगी पडत नाही. उद्यम नंबर बिलावर ठळक छापा. प्रकरण फारच चिघळलं तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण तो क्लायंट मग गेलाच समजा.

प्रश्न: मी रानडे इन्स्टिट्यूटला जर्नलिझम करतेय. कॉमर्स नाही, इंजिनिअरिंग नाही, पण बिझनेस आणि टेक्नॉलॉजीवर मराठीत लिहायचंय. सगळे म्हणतात मराठीत याला वाचक नाही. कुठून सुरू करू?
(विद्यार्थिनी, डेक्कन)

उत्तर: वाचक नाही म्हणणाऱ्यांना सांग, १९२० मध्ये किर्लोस्करवाडीसारख्या माळरानावरच्या गावातून ‘किर्लोस्कर खबर’ निघायला लागलं, कारखान्याचं मासिक, नांगर आणि चरक घेणाऱ्यांसाठी. शंकरराव किर्लोस्करांनी ते चालवलं आणि त्यातूनच पुढे महाराष्ट्रभर घराघरांत जाणारं मासिक झालं. मराठी माणूस धंद्याचं वाचत होता, आजही वाचतो, त्याला कामाचं काही दिलं पाहिजे.

तू इंजिनिअर नाहीस ते चांगलंच आहे, तुला ‘म्हणजे काय?’ असं विचारायला लाज वाटणार नाही. फक्त ते एकदा विचारून थांबू नकोस. समोरचा सांगेल ‘आम्ही प्रोसेस ऑप्टिमाइझ केली’. म्हणजे काय? ‘सायकल टाइम कमी केला.’ म्हणजे काय? ‘आधी एक पार्ट मशीनवर चार मिनिटं असायचा, आता तीन.’ कसं? ‘जॉब पकडायचं फिक्स्चर बदललं, पूर्वी दोनदा उलटवायला लागायचा.’ आता तुला वाक्य मिळालं, आणि ते मराठीतच मिळालं बघ. माणसं अधिकारी असतात तोवर इंग्रजीत बोलतात, हाताने दाखवायला लागले की मराठीत येतात. म्हणून शक्यतो मशीनसमोर उभी राहून मुलाखत घे, कॉन्फरन्स रूममध्ये नको.

एकच क्षेत्र धर. पुण्यात आहेस तर गाड्यांचे सुटे भाग घे, चाकण, भोसरी, रांजणगाव सगळं बसच्या अंतरावर आहे. त्यातल्या एखाद्या लिस्टेड कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट उघड आणि उलटा वाच. चेअरमनचं पत्र शेवटी, आधी ऑडिटरचा अहवाल, मग हिशेबाच्या टिपा, त्यात कोर्टात अडकलेल्या रकमा असतात, मालकाच्या घरच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार असतात. पहिला रिपोर्ट डोक्यावरून जाईल. दुसऱ्या वर्षाचा घेऊन शेजारी ठेव, काय बदललं एवढंच बघ. शब्द अडले तर गोखले इन्स्टिट्यूट तुझ्या कॉलेजपासून चालत जाण्यासारखं आहे, १९३० पासूनची संस्था, तिथे अर्थशास्त्राची लायब्ररी आहे, बाहेरच्यांना बसायला काय नियम आहेत ते विचारून ये. आणि मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना १९३४ पासून पुण्यात आहे, त्यांचे छोट्या उद्योजकांसाठीचे कार्यक्रम होत असतात, मागच्या रांगेत बस आणि चहाच्या वेळेला बोल, स्टेजवरच्यांपेक्षा तिथे जास्त मिळतं.

लिहून झाल्यावर ज्याने माहिती दिली त्याला त्याच्यापुरती तांत्रिक वाक्यं फोनवर वाचून दाखव, चूक असेल तर तो सांगेल. पूर्ण लेख मंजुरीसाठी पाठवायचा नाही, ‘जरा पॉझिटिव्ह करा’ असं सांगायला लागतात. पहिला लेख झाला की मला पाठव, वाचते.

प्रश्न: आमच्या मासिकाचे जुने टेक्नॉलॉजीवरचे लेख साइटवर टाकायचेत, पण फाइल श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, कॉपी केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. परत टाइप करायचे का?
(संपादक, सदाशिव पेठ)

उत्तर: नाही हो. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट काढला की खालची इंग्रजी उघडी पडते, आणि गूगललाही तीच दिसते, म्हणून असे लेख शोधून सापडत नाहीत. कन्व्हर्टर मिळतात, पण आधी फाइलमध्ये नेमका कुठला फॉन्ट आहे ते बघा, श्रीलिपीतच वेगवेगळे लेआउट आहेत, चुकीचा निवडला तर निम्मंच बरोबर येतं. एक लेख करून बघा, मग बाकीचे. झाल्यावर माणसाकडून वाचून घ्या, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’ चा ‘र्या’ होतो, अवतरणचिन्हं गायब होतात. टेक्नॉलॉजीचे लेख आहेत म्हणून खास सांगते, इंग्रजी शब्द आणि आकडे असलेल्या ओळी मूळ छापील अंकाशी ताडून बघा, कारण मधेच दुसऱ्या फॉन्टमध्ये घातलेला इंग्रजी शब्द कन्व्हर्टर देवनागरी समजून बदलून टाकतो आणि दशांश चिन्हाचं काय होईल सांगता येत नाही.